कचरा दारातून गेला म्हणजे गेला का?

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



वर्धापन दिनाला विहारात धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर, मुलांच्या शिक्षणावर भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. यंदा समितीने आम्हाला वेळ दिला आणि विषय तुम्हीच ठरवा म्हणून सांगितले. आम्ही विषय ठरवला घरातल्या कचऱ्याचा, पाण्याचा आणि दारातल्या चार कुंड्यांचा. हा काय भाषणाचा विषय झाला, असं काहींना वाटेल. पण दिवसातून पन्नास वेळा आपला हात ज्या गोष्टींना लागतो, त्यांच्यावर आपण वर्षातून एकदाही एकत्र बसून बोलत नाही. म्हणून आज बोलणार आहोत. भाषण लांबलं तर मागून खूण करा, जेवणाची वेळ आम्हालाही माहीत आहे.

स्वच्छता हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला साधा लागत नाही, त्याला कारण आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या मागोमाग आपली माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती तेव्हा पाणी बाटत नव्हतं. माणसांनी हात लावला आणि ते बाटलं! मग शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि तळं ‘शुद्ध’ झालं असं जाहीर केलं. म्हणजे पाण्यात शेण ओतणारे ते स्वच्छ आणि तहान भागवणारे आपण अस्वच्छ. ही त्या वेळची स्वच्छतेची व्याख्या होती.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच परिषद भरली तेव्हा बाबासाहेब मुद्दाम महिलांशी बोलले. लुगडं कसं नेसावं, हातापायांत अंगभर चांदी-कथलाचे दागिने का घालू नयेत, मेलेल्या जनावराचं मांस घरात का येऊ देऊ नये, मुलींना शाळेत का घालावं, असं सगळं घरगुती बोलले. एवढ्या मोठ्या लढ्यात नेत्याने लुगड्याच्या निऱ्यांवर बोलावं! पण त्यातलं मर्म आपल्या आज्या-पणज्यांना बरोबर कळलं. ज्या खुणांवरून लोक आपल्याला हलकं लेखतात त्या खुणा अंगावर आणि घरात वागवायच्या नाहीत, हे ते सांगत होते. आज हेंद्रेपाड्यातल्या कुठल्याही बौद्ध घरात जा. घर लहान असेल, भाड्याचं असेल, पण मांडणीवरची भांडी चमकत असतात आणि तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोवर धूळ सापडायची नाही. हे आपण मिळवलेलं आहे.

मग प्रश्न उरतो तो पुढचा. घर झाडलं, केर भरला, पिशवीला गाठ मारली, पिशवी दाराबाहेर गेली. आपल्या दृष्टीने कचरा संपला. तो खरंच संपतो का?

तो पुढे कोणाच्या तरी हातात जातो. आपल्या पिशवीत काल रात्रीची भाजी, दुधाची पिशवी, फुटलेला ग्लास, बाळाचा डायपर, सॅनिटरी पॅड, दाढीचं ब्लेड असं सगळं एकात एक कालवलेलं असतं. ती पिशवी कोणीतरी हाताने फोडतं, त्यातलं विकण्याजोगं प्लॅस्टिक आणि पुठ्ठा हाताने वेगळा करतं. तो हात कोणाचा, हे आपल्या समाजाला सांगायची गरज नाही. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य बायका, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. मुंबईत, ठाण्यात, आपल्या इकडे चित्र निराळं नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला तो याच झाडूवाल्या, सफाईच्या माणसांसाठी. हाताने मैला उचलायला लावणं बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा झाला, पुन्हा २०१३ साली अधिक कडक झाला. कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसं मेल्याची बातमी अजून थांबत नाही.

आपण शिकलो, नोकऱ्यांना लागलो, रेल्वेत, बँकेत, कारखान्यात, शाळेत गेलो. आपल्यातल्या किती घरांत अजून एखादी आत्या, एखादा मामा सफाई खात्यात आहे! आपण वर आलो म्हणून आपली घाण आता दुसऱ्या कोणी उपसावी, असं तर आपल्याला म्हणायचं नाही ना? मग घरात दोन बादल्या ठेवणं ही श्रीमंतांची हौस नाही, की टीव्हीवर दाखवतात तसली फॅशन नाही. दुसऱ्याच्या हाताला आपली घाण लागू नये एवढीच ती गोष्ट आहे. आम्हाला तरी ती शिलाच्या जवळची वाटते.

आता कामाचं बोलू.

प्रत्येक घराने ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. म्हणजे ही काही आम्ही काढलेली नवी टूम नाही. आपल्या घरातला निम्मा किंवा निम्म्याहून जास्तच कचरा ओला असतो: भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. हा ओला बाजूला काढला की बाकीचा सुका राहतो, त्याला वास येत नाही, माशी बसत नाही, आणि भंगारवाला तो आनंदाने नेतो. म्हणजे वेगळा काढायचा तो एक ओलाच. एवढं जमलं की पाऊण काम झालं.

फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ म्हणून लिहावं. घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर सुया रिकाम्या बाटलीत जमवून बूच घट्ट लावावं. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी, म्हणजे उचलणारीला कळतं की हे उघडायचं नाही. ही गोष्ट विहारात बोलू नये असं कोणाला वाटत असेल, तर आम्ही नम्रपणे सांगतो, की पुण्याच्या कचरावेचक भगिनींनी ही गोष्ट थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत नेली. त्यांना लाज वाटली नाही, कारण हात त्यांचे भरत होते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नये, पिशवीलाच लटकता ठेवावा. तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात आणि गटारातून नदीत जातो. पिशवी धुऊन वाळत घातली की तिला भंगारात भाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही घरात वेगळा करतो आणि पुढे गाडीत सगळा एकच होतो, मग फायदा काय? हा प्रश्न आम्हाला दर बैठकीत कोणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. गाडीत एकत्र होत असेल तर त्याची तक्रार केलीच पाहिजे, एकट्याने नाही, सगळ्यांनी सह्या करून. पण ओला कचरा आपल्याच दारात जिरला आणि सुका भंगारवाल्याने नेला, तर गाडीत एकत्र व्हायला उरतं काय? मूठभर.

ओला कचरा दारात जिरवायला जागा फार लागत नाही. गळकी बादली, तडा गेलेला माठ, रंगाचा रिकामा डबा, काहीही चालतं. बुडाला आणि बाजूला भोकं पाडायची, खाली वीट ठेवून उचलून ठेवायचं. तळाला वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर मूठ-दोन मूठ कोरडी माती किंवा पाला. पहिल्या दिवशी थोडं आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करायचं. बादली भरली की झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. आपल्या हवेत दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं खत तयार होतं. पावसाळ्यात जरा जास्त दिवस लागतात.

घाण वास आला तर समजावं की आत पाणी जास्त झालंय. वाळलेला पाला किंवा फाडलेला कागद वाढवावा, वास जातो. पांढुरक्या अळ्या दिसल्या की बायका घाबरतात. त्या कोणाला चावत नाहीत, खतच करतात. कोरड्या मातीचा थर दिला की दिसेनाशा होतात. तेलकट उरलेली भाजी, मटणाची हाडं सुरुवातीला घालू नयेत, उंदीर-घुशी येतात. आणि आमच्या घरी सुकट, बोंबील, ताजे मासे सगळंच चालतं, तर मासे धुतलेलं पाणी गटारात ओतायच्या आधी गुलाबाला किंवा मिरचीला घालून बघा. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा. आजीला हे सांगायला नको, तिलाच विचारायचं.

त्या खतावर दारात गवती चहा, पानओवा, कढीपत्ता, मिरची, कोरफड एवढं तर सहज येतं. कोणी म्हणेल, एवढ्याने पृथ्वी हिरवी होणार आहे का? नाही होणार. पण दारातली मिरची खुडून आमटीत टाकली की पोरांना कळतं, मिरची दुकानात उगवत नाही. त्रिपिटकात एक लहानसं सुत्त आहे, वनरोप नावाचं. पुण्य कोणाचं रात्रंदिवस वाढतं, या प्रश्नाला भगवंतांचं उत्तर आहे: बागा आणि झाडं लावणाऱ्यांचं, पूल बांधणाऱ्यांचं, पाणपोया आणि विहिरींची सोय करणाऱ्यांचं, निवारा देणाऱ्यांचं, अर्थात जे धम्माने आणि शिलाने वागतात त्यांचं. सम्राट अशोकाने पुढे तेच केलं. रस्त्याच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, आणि ते स्तंभावर कोरून ठेवलं म्हणून आपल्याला आज कळतं.

पाण्याचं बोलायचं तर आपण उल्हास नदीच्या काठची माणसं. ही नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघते. तिच्या वरच्या खोऱ्यात, कर्जत तालुक्यात, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे आपल्या दारावरून जाणारं पाणी आधी भिक्खूंच्या वस्तीजवळून येतं. पुढे ती कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. इथे बॅरेजवर तिचं पाणी उचलून, शुद्ध करून जीवन प्राधिकरण आपल्या नळाला सोडतं. भिक्खूंसाठी जे नियम आहेत, त्यांतल्या सेखिय नियमांत पाण्यात थुंकू नये, लघवी करू नये, हिरव्या गवतावरसुद्धा करू नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. आणि आपण? पुलावरून जाताना गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी, जुने फोटो, थर्माकोल नदीत सोडणारे लोक सगळ्याच धर्मांत आहेत. त्यात आपला एकही माणूस असू नये, एवढी तरी अपेक्षा धरायला हरकत नाही. संध्याकाळी त्याच नदीचं पाणी आपण पिण्याच्या हंड्यात भरतो.

कान्हेरीला सहलीला गेला असाल तर आठवा, बहुतेक लेण्यांच्या शेजारी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहे, पोढी म्हणतात तिला. डोंगरावरचं पावसाचं पाणी बारीक पन्हाळ्यांनी त्यात उतरतं. त्या काळी पंप नव्हता, टँकर नव्हता, तरी तेवढे भिक्खू तिथे राहत होते. आपल्याकडे नळ गळत असतो आणि आपण म्हणतो, ‘थेंबच तर आहे.’ सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे सतरा ते वीस लिटर, एक मोठी बादली. वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात. तसंच दिव्याचं. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळत असेल तर त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावून महिन्याला साडेसात युनिट वाचतात. हे गणित आमच्या शाळेतल्या मुलींनी मांडून दाखवलं, आम्ही फक्त तपासलं.

साठवलेल्या पाण्याचं मात्र एक सांगतो, कारण पावसाळ्यात डेंग्यू कुठल्या ना कुठल्या घरात शिरतोच. डेंग्यूचा डास घाण गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, फ्रिजखालचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर, सगळं उपडं करून कोरडं करायचं. रविवारच्या वंदनेला निघण्याआधी हे उरकलं तर लक्षातही राहतं.

पुराबद्दल न बोलता हेंद्रेपाड्यात भाषण पुरं होत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे उल्हास नदी घरात शिरली. पुढे २७ जुलै २०१९ ला वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याही वेळी आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड या भागात पाणी आलं. कोणी सांगायला लागलं की पूर लोकांच्या पिशव्यांमुळे येतो, तर ते खरं नाही. पूर येतो डोंगरातल्या पावसाने, आणि नदीच्या पात्राला भिडून जे बांधलं गेलं त्याने पाणी पसरतं. त्याचा जाब वेगळा आणि तो विचारायचाच. वालधुनीचंही तेच. अंबरनाथ-उल्हासनगरातून जाणाऱ्या त्या नदीची जी दशा झाली ती कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि शहरांच्या मैलापाण्याने. आपल्या घरातल्या दोन बादल्यांनी ती नदी निवळणार नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हल्ली मोठ्यांचा दोष लहानांच्या गळ्यात घालायची पद्धत पडली आहे.

पण पाणी घरातून परत कधी जाणार, ते नाला मोकळा आहे की तुंबला आहे यावर असतं. आणि पाणी गेल्यावर घरात जो चिखल राहतो त्यात काय काय असणार, हे आपल्या गल्लीत आदल्या आठवड्यात काय काय पडलं होतं त्यावर ठरतं. कचऱ्यावर उंदीर वाढतात, उंदरांची लघवी पाण्यात मिसळते, आणि पायाला जखम असेल तर लेप्टो होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. म्हणून मे महिन्यात, सफाईची वाट न बघता, आपल्या घरापुढचं गटाराचं तोंड प्लॅस्टिकने तुंबलं आहे का, एवढं प्रत्येकाने बघायचं आणि तुंबलं असेल तर लगेच कळवायचं. पुराच्या पाण्यात जाऊन आल्यावर ताप आला तर घरी गोळ्या घेत बसू नये, डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आधी सांगावं. २००५ च्या पुरानंतरच, २००६ साली, महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर नियम आले. मार्च २०१८ मध्ये पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या यांवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंना बंदी आहे. तरी बाजारात भाजीवाल्याकडे बघा! पण आपण पिशवी मागितली नाही तर तो काही जबरदस्तीने देत नाही.

पिशवीवरून आठवलं. चुल्लवग्गात एक कथा आहे, ती आमच्या मंडळात सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला राग आला. एवढी चीवरं घेऊन हा श्रमण काय कापडाचं दुकान टाकणार आहे? त्याने जाऊन विचारलं, एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की? जमिनीवर अंथरायला. ती अंथरुणं विरली की पायपुसणी, पायपुसणी विरली की फडकी, आणि फडकी पार फाटली की ती कुटून चिखलात मळून जमीन सारवायची. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे चीवरं दिली. आता सांगा, आपली आजी याहून वेगळं काय करत होती? जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं. तिने चुल्लवग्ग वाचला नव्हता. आपण मात्र दर सणाला नवी ओढणी आणि दर आठवड्याला नवी पिशवी घेतो. जुन्या साडीच्या एका पदरात तीन-चार चांगल्या पिशव्या होतात. मंडळाच्या शिलाई मशीनवर कोणीही येऊन शिवून न्याव्यात, कापड आपलं आणावं.

एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. दोन बादल्या, खताचा माठ, पिशव्या धुणं, पिंप कोरडं करणं, हे सगळं शेवटी घरातल्या बाईच्याच डोक्यावर बसणार असेल तर हा उपक्रम चार महिन्यांत बंद पडेल आणि पडायलाच पाहिजे. ती आधीच पहाटे उठून डबे भरून लोकल पकडते. संत गाडगेबाबा जन्मभर हातात खराटा घेऊन फिरले. कीर्तनाच्या आधी गाव स्वतः झाडायचे. पुरुषच होते ना ते? ज्या बाबासाहेबांना त्यांनी पंढरपूरची धर्मशाळा शिक्षणासाठी देऊन टाकली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, तेही गेले. त्यांच्या नावाने सरकारने अभियान काढलं, पण खराटा कोणाच्या हातात द्यायचा हे अजून घराघरात ठरायचंय. आमची सूचना अशी, की खत खालीवर करणं आणि भंगार देऊन येणं हे काम दादांकडे आणि मुलांकडे द्यावं. भंगाराचे पैसे मुलांनाच ठेवू द्यावेत, मग आठवण करून द्यावी लागत नाही.

साफसफाईचा एक धोकाही सांगून ठेवतो. संडास-बाथरूमसाठी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधी टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद जागेत जीवावर बेततं. जास्त औषध म्हणजे जास्त स्वच्छ, असं नसतं. पितळी मूर्ती, समई, तांब्या चिंच-मिठाने लख्ख होतात. आणि थंडीत शेकोटीत किंवा पाण्याच्या बंबाखाली प्लॅस्टिक जाळणं अगदी बंद. तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

मोठं काम कसं होतं ते बघायचं असेल तर वेंगुर्ल्याचं उदाहरण आहे. सिंधुदुर्गातलं लहानसं नगर. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घराघरातून कचरा वेगळा घ्यायला सुरुवात झाली आणि कचरा डेपोच्या जागी बाग उभी राहिली. लोक ती बघायला सहलीला जातात. नंतर ते आपल्या वरच्या अंगाला कर्जतला आले आणि तिथेही हेच काम झालं. तिथल्या लोकांनी काही वेगळं पाणी प्यालेलं नाही. कर्जतचं आणि आपलं तर एकाच नदीचं.

आता विहारापुरतं. १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे हारांचा ढीग पडतो. अभिवादनाला हाराऐवजी एक वही, एक पेन आणावं, हे आता पुष्कळ ठिकाणी सुरू झालं आहे. ज्यांना फूल वाहायचंच आहे त्यांनी एक फूल वाहावं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न आणता. वाहिलेली फुलं विहाराच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या पिंपात जातात आणि बोधिवृक्षाला त्याचंच खत मिळतं. मेणबत्त्यांचं गळलेलं मेण जमवून वितळवलं की पुन्हा मेणबत्त्या होतात, मुलांना हे काम फार आवडतं, मात्र मोठं माणूस जवळ असल्याशिवाय करू देऊ नये.

आजच्या भोजनदानाला थर्माकोल नाही, प्लॅस्टिकचे ग्लासही नाहीत. स्टीलची ताटं भाड्याने आणली आहेत. ती धुवायला दोन रांगा केल्या आहेत, एक बायकांची आणि एक पुरुषांची, आणि पुरुषांच्या रांगेत पहिली दोन नावं समितीच्या पदाधिकाऱ्यांची आहेत, त्यांनी स्वतःहून दिलेली. ताटात खीर उरली तर ती वेगळ्या डब्यात टाकावी, आणि केळीच्या साली हिरव्या बादलीत. जाताना दाराशी तयार खताची एकेक पुडी आणि पानओव्याची फांदी प्रत्येक कुटुंबाला मिळेल. फांदी मातीत खोचली की लागते, मुळं असायची गरज नाही. आठ दिवस सावलीत ठेवा. पुड्या वर्तमानपत्राच्या आहेत, ओल्या हाताने धरू नयेत, आणि पिशवी आपापली आणली असेलच.

जय भीम! नमो बुद्धाय!